रिकामी दोरी

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या हातापाया पडणार नाही. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. फक्त खाली "दादा, स्टोरी मस्त जमलीय" असलं काही लिहू नका. ज्या घरातल्या माणसांवर हे ओढवलं, त्या घरात मी लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या काढल्यात.

अक्षया माझी मामेबहीण. जामसंड्याची. तिच्याकडून दोनदा आणि देवबागच्या लवू तांडेलाकडून एकदा ऐकलंय. तेवढंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. दुसरा शनिवार. जागा देवबाग, समुद्राची बाजू.

आणि रात्र नव्हती हं. संध्याकाळचे सव्वापाच. लख्ख उजेड. दोनशे माणसं बसलेली.

तरी झालं.

देवबागात तेव्हा आंतरराष्ट्रीय समकालीन नृत्य महोत्सव भरला होता. नऊ देशांची मंडळी. आपल्याकडच्या लोकांना ह्या नाचाचं भारी कोडं. गाणं नाही, घुंगरू नाहीत, कोणी अर्धा तास नुसतं वाळूत लोळतंय. तिथली हौसाबाई बघून म्हणाली, "गो बाय, हेंका कोणाची दिष्ट लागली काय?"

अक्षयाला मात्र ह्याच नाचाचं वेड. पुण्यात चार वर्षं शिकली. महोत्सवात इनेस नावाची पोर्तुगालची बाई नाच बसवायला आली होती. तिने अक्षयाला आपल्या चमूत घेतलं आणि म्हणाली, हा प्रयोग चांगला झाला तर वर्षभर लिस्बनला नेईन.

आता हे घरी सांगणार कोण? परशुराममामा म्हणजे जमदग्नी. चिडले की हातात असेल ते भांडं फेकतात.

सांगितलं सर्वेशने. तिच्या धाकट्या भावाने.

सर्वेश देवबागात पर्यटकांची बोट चालवायचा. खास जामसंड्याला आला, बापासमोर उभा राहिला. "जाऊंदे तिका. लग्नाचो विषय काढशात तर मी पण जेवचंय नाय." आणि दोन दिवस खरंच जेवला नाही. एवढा जीव होता त्याचा बहिणीवर. शेवटी मामाच वरमले.

तर इनेसबाईने देवबागच्या किनाऱ्यावर रापण बघितली. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं पन्नास-साठ माणसं दोरीने किनाऱ्यावर ओढून आणतात. तोंड समुद्राकडे, पावलं उलटी. मागे मागे चालत ओढायचं. सगळ्यात मागचा दोरी सोडतो, चालत पुढे पाण्यात जातो आणि परत पहिला होऊन ओढायला लागतो. बाई बघून खुळावली. म्हणाली, हाच आपला नाच. फक्त जाळं नको. नुसती दोरी.

लवू तांडेल रापणीचा म्होरक्या. सत्तरीचा गडी. अक्षया त्याच्याकडे दोरी मागायला गेली. त्याने साफ नाही म्हटलं.

"जाळा नाय तर दोरी कित्याक सोडतास? रिकामी दोरी आमी दर्यात कधी सोडूक नाय."

"कित्याक पण, काका?"

"जाळ्यात मासो गावता. नुसती दोरी कोण धरतलो?"

अक्षया हसली. इनेसला इंग्रजीत सांगितलं. तीही हसली.

मालवणच्या बाजारातून नवी दोरी आणली. शंभर मीटर, पांढरी, नायलॉनची. टोकाला वाळूने भरलेली दोन पोती बांधायची, ती लाटांच्या पलीकडे टाकायची. ओढत ओढत पोती किनाऱ्याला लागली की नाच संपला. वीस मिनिटांचं काम.

तालमीला लवू तांडेल लांब उभा राहून बघायचा. इनेस सगळ्यांना एकच सांगायची. दोरीशी भांडू नका. वजन आलं की त्याच्याबरोबर जा. अंग सैल सोडा.

शेवटी म्हाताऱ्याला राहवलं नाही. अक्षयाला बाजूला घेऊन म्हणाला, "भार इलो की टाच रोवतत, गो. आणि एकान पण सोडूची नाय. पुढच्यांनी सोडल्यान तर सगळो भार मागच्यार येता. माणूस मरता."

"काका, पोत्यांचो कसलो भार?"

तो कमरेचा कोयता सावरत चालायला लागला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी कोरियाचा एक पोरगा आडवा झाला. आदल्या दिवशी हौसेने बांगड्याचं तिखलं खाल्लं होतं. बाराजण हवे होते, राहिले अकरा. अक्षयाने सर्वेशला धरलं.

"मी? आणि नाच? माका बघून लोक उठान जातले."

"तुका नाचूचा नाय रे. सगळ्यांच्या मागे उभो राव. दोरी येयत तशी गोल गुंडाळून ठेव. पुढे येव नको."

"मगे ठीक. हमाली माका जमता."

स्वतःच्या बोटीने जाऊन पोती त्यानेच टाकली. स्वतःच्या हाताने.

सव्वापाचला नाच सुरू झाला.

प्रेक्षक दोन्ही बाजूंना. मधे दोरी. अकरा नाचणारे पांढऱ्या कपड्यांत. सगळ्यांच्या मागे सर्वेश. सर्वेशच्या मागे कोणी नाही, नुसती सुरूची झाडं.

संगीत नव्हतंच. फक्त श्वास आणि लाटा.

पाचेक मिनिटं झाली असतील. अक्षयाच्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज येत नाही.

लाटा फुटत होत्या. पांढरा फेस दिसत होता. आवाज नव्हता.

तिला वाटलं, कानाला दडे बसले. दोरीबरोबर मागे मागे सरकत ती सर्वेशपर्यंत आली. दोरी सोडून पुढे जायला वळली, तेवढ्यात तो पुटपुटला, "अक्षये, दोरी शंभर मीटरच होती मां?"

"गप रे. नाच चालू आसा."

"गो, बघ तरी."

तिने बघितलं. वेटोळ्याचा ढीग त्याच्या गुडघ्याच्या वर गेला होता.

शंभर मीटर दोरीचा एवढा ढीग होत नाही. आणि पोती अजून आली नव्हती.

ती पुढे गेली. पाण्यात उतरली. दोरी धरली.

हाताला टोचलं.

दोरी पांढरी नव्हती. काथ्याची होती. काळी, बुळबुळीत, शिंपले चिकटलेली. असली दोरी आता कोणी वापरत नाही. आजोबांच्या काळात वापरायचे.

आणि मग...

आता ती सगळ्यात पुढे होती. तिच्यापुढे फक्त समुद्र असायला हवा.

तिच्यापुढे एक पाठ होती.

उघडी. काळपट. ओली. दोन्ही हातांनी दोरी धरलेली. तीसुद्धा मागे मागे येत होती, हिच्याच तालावर.

अक्षयाने मनातल्या मनात मोजलं. मागे दहा आणि शेवटी सर्वेश. सगळे जागच्या जागी.

पुन्हा समोर बघितलं. दोन पाठी.

मग पाच.

तिला बाजूने ओलांडून कोणी पुढे गेलं नव्हतं. ती माणसं समोरून, पाण्यातून वर येत होती. ओरडायला तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. मागे कौस्तुभ होता, पुण्याचा मुलगा. त्याला काही दिसत नव्हतं. तो डोळे मिटून, छान, सैल अंगाने ओढत होता.

मग त्या पाठी थांबल्या.

सगळ्या एकदम वळल्या.

चेहरे होते त्यांना. डोळे उघडे. तोंडं वाळूने गच्च भरलेली. आता त्यांची तोंडं किनाऱ्याकडे होती. आणि ती माणसं उलट्या पावलांनी, मागे मागे, समुद्राकडे चालायला लागली.

तोच नाच. तीच चाल. फक्त दिशा उलटी.

दोरीला हिसका बसला.

आणि इनेसच्या पोरांनी काय केलं? शिकवलं होतं तेच. भांडली नाहीत. अंग सैल सोडलं आणि दोरीबरोबर निघाली. गुडघाभर पाण्यात. मांडीभर. कमरेएवढ्या. रांगेत, सुंदर, एकही पाऊल न चुकता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या!

अचानक दोरी थांबली. करकरली. ताठ झाली.

अक्षयाने वळून बघितलं. लांब, सगळ्यांच्या मागे, सर्वेशने टाचा रोवल्या होत्या. दोरीचे वेढे त्याच्या कमरेभोवती होते. तोंड लालबुंद. तो एकटा सगळ्यांना धरून होता.

आता तिचा आवाज फुटला. जीव खाऊन ओरडली, "लेट गो! सोडा, दोरी सोडा!"

लांबून लवू तांडेल धावत येत होता, हात हलवत. "सोडू नकात! मेल्यांनो, सोडू नकात!"

पण पोरांनी तिचं ऐकलं. दहाही जणांनी दोरी सोडली.

कौस्तुभच्या हाताभोवती पीळ बसला होता. दोरी सुटताना त्याची तीन बोटं घेऊन गेली. तो हाताकडे बघत तसाच उभा. रक्ताची चिळकांडी शेजारच्या मुलीच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाली. प्रेक्षकांतले काही उभे राहिले... आणि आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. समकालीन नाच असाच असतो, असं वाटलं असेल. काय म्हणायचं ह्यांना!

सगळा भार सर्वेशवर आला.

त्याच्या टाचा उखडल्या. तो तोंडावर आपटला. पालथा, वाळूतून, फरफटत खाली आला. चाळीस पावलं. शिंपल्यांनी चेहरा सोलून निघाला. दोरी पोटात रुतत गेली. बरगड्या मोडल्याचा आवाज अक्षयाने ऐकला. लाटांचा येत नव्हता, तो आवाज मात्र आला.

तो तिच्या दिशेने येत होता. डोळे तिच्यावर. तिने हात पुढे केला.

पाणी तिच्या तोंडावरून गेलं.

मग लवू तांडेल दिसला. छातीभर पाण्यात, हातात कोयता. एक घाव, दुसरा, तिसरा. दोरी तुटली. समुद्राकडचं टोक पाण्यात सळकन गेलं. लाटांचा आवाज एकदम परत आला.

टाळ्या तेव्हा थांबल्या.

सर्वेशला आधी मालवणला, तिथून गोव्याला नेलं. जीव वाचला. एक मूत्रपिंड काढलं. मणका गेला. कमरेखाली काही नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा.

त्याच्या कमरेला राहिलेला दोरीचा तुकडा पांढरा होता. नायलॉनचा. वाळूवरचा ढीगही पांढरा. कोणीतरी मोजला. शंभर मीटरला थोडा कमी. पोती आजवर सापडली नाहीत. लवू तांडेलाने त्या वर्षी रापण लावलीच नाही. का ते मला सांगितलं नाही.

गावात सर्वेशचं नाव झालं. सगळ्यांना वाचवायला कमरेला दोरी बांधून उभा राहिला, म्हणाले. अक्षया रडायची आणि तेच सांगायची. माझ्या भावाने माझ्यासाठी केलं. लिस्बनचं पत्र आलं, तिने फाडलं. दिवसरात्र त्याच्या उशाशी.

तो बोलत नव्हता. दीड महिना एक शब्द नाही.

मग एका सकाळी ती पेज भरवत होती. पहिलाच घास. त्याने तोंड फिरवलं.

"आये, हिका भायर काढ."

सत्यवतीमामी धावत आल्या. "रे, भैण तुझी ती!"

सर्वेश अक्षयाकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघून बोलला. "मी खंय बांधलंय दोरी? मी सोडून पळाक बघी होतंय. ही मागसून इली. झाडांकडसून. भिजलेली. माझ्या कमरेक तीन येढे घातल्यान, गाठ मारल्यान. मी इचारलंय, अक्षये, काय करतंस गो? तर हसली. म्हणाली, उगी राव, आता सगळ्यांका सोडूक सांगतंय."

मामींनी अक्षयाच्या हातातून पेजेची वाटी घेतली.

मी त्याच आठवड्यात जामसंड्याला गेलो. प्रेक्षकांनी काढलेले व्हिडिओ गोळा केले होते, सहा. सहांतही अक्षया पुढे, पाण्यात. मागे सर्वेश, आणि त्याच्यामागे झाडांची सावली. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला. "बघ. ती पाण्यात आहे. तुझ्यामागे कशी असेल?"

त्याने नीट बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"दादा, ही पाण्यातली माझी भैण," तो म्हणाला. "ही भायर इलेली खंय दिसता ता दाखव."

मी सहाही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले. लवू तांडेल पाण्यात शिरतो, लोक धावतात, मोबाईल हलतात. ती बाहेर येताना एकाही व्हिडिओत नाही.

लवू तांडेलाला फोन केला. तो म्हणाला, पाण्यात माका सर्वेशच गावलो. अक्षया? ता चेडू मागसून वाळूत उभा दिसला.

सर्वेश तिला घरात ठेवीना. रात्रंदिवस ओरडायचा. शेवटी मी तिला आमच्याकडे सावंतवाडीला आणलं. सात महिने झाले. घरकाम करते, माझ्या मुलीचा अभ्यास घेते. काही वावगं नाही. खरंच नाही.

परवा चहा पिताना मी सहज विचारलं. म्हटलं, सर्वेशचा तो आजार आहे, मनाला लावून घेऊ नकोस. पाण्यातून वर कशी आलीस, एवढं त्याला सांग, म्हणजे पटेल.

तिने कप खाली ठेवला.

"दादा, पाण्यातसून भायर इल्याचा माका आठवत नाय," ती म्हणाली. "झाडांकडसून चलत इल्याचा आठवता."

मी पुढे काही विचारलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. आत्ता ती आतल्या खोलीत माझ्या मुलीला पाढे शिकवतेय. अक्षया म्हणून हाक मारली की ओ देते.