खडीवाल्याची गाडी

ही गोष्ट कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. मी स्वतः तिथे होतो. माझ्या डाव्या हाताला त्या दिवशी अकरा टाके पडले. ज्याला खोटं वाटतं त्याला मी बाही वर करून दाखवतो, वाद घालत नाही.

भुतं रात्रीच येतात, असं मलाही वाटायचं.

हे घडलं बुधवारी, भर दुपारी साडेबाराला. शटर पूर्ण उघडं होतं. आत लख्ख ऊन.

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, गाड्यांचं रिमॅपिंग करायचे. टायरवाल्यांच्या गल्लीत शेवटचा गाळा आमचा. मी सायलेन्सर वेल्डिंगला, ते लॅपटॉपवर. गाडीच्या इंजिनला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोने हवा किती ढकलायची, सगळं तो ठरवतो. त्यातली आकड्यांची फाइल बदलली की तीच गाडी जास्त जोरात पळते.

भाऊजी बुटके, मऊ बोलणारे. माशी मारतानाही आधी तिची माफी मागतील असे. गिऱ्हाइकाला फायद्याआधी तोटे सांगायचे.

खडीवाल्यालाही सांगितले होते.

खडीवाला म्हणजे गावाबाहेरच्या खडी क्रशरचा मालक. उंची सहा फूट दोन इंच. हात कसले, फावडीच ती.

भाऊजी त्याला म्हणाले होते, "ताकद वाढेल, चढावर गाडी अडणार नाही, पाय जपून ठेवलात तर मायलेजही थोडं सुधारेल. पण कंपनीने ताकद उगाच मागे ठेवलेली नसते. टर्बो तापतो, क्लच घासतो, वॉरंटी जाते. आणि ब्रेक तेच राहतात, साहेब. इंजिन तुमचं ऐकेल, ब्रेक ऐकणार नाहीत."

खडीवाल्याने त्यांची कॉलर धरली आणि वर उचललं.

भाऊजींचे पाय जमिनीवरून सुटले.

"तोटे विचारलेत का मी? आहे तेवढी ताकद काढ तिच्यातून."

भाऊजींनी काढली. घाबरून काढली.

दोन महिन्यांनी खाणीजवळच्या वळणावर ती गाडी थांबलीच नाही. खडीवाल्याने सीटबेल्ट लावला नव्हता. तो काच फोडून बाहेर गेला आणि सिमेंटच्या पाइपांवर आपटला. जागीच संपला.

गाडी मात्र दुरुस्त झाली.

आणि सात महिन्यांनी, त्या बुधवारी, त्याची बायको ती घेऊन आमच्याकडे आली.

आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सबंध रस्ता त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये काढला होता.

"दादा, हिला पहिल्यासारखी करून द्या," त्या भाऊजींना म्हणाल्या. "मी हळू चालवते... पण ती माझं ऐकत नाही. ह्यांचंच ऐकते अजून."

भाऊजींनी मान खाली घातली. अपराध्यासारखी.

"मूळ फाइल ठेवलीय मी, वहिनी. वीस मिनिटांचं काम आहे."

त्यांनी बॉनेट उघडलं, कॉम्प्युटरची डबी खोबणीतून सोडवून वायरींवर लटकती ठेवली, लॅपटॉपची केबल डॅशबोर्डखाली लावली. फाइल भरली. शंभर टक्के झाली.

मग खात्री करायला परत वाचली...

खडीवाल्याचेच आकडे.

"भरली नसेल नीट," भाऊजी म्हणाले. पुन्हा भरली. पुन्हा वाचली.

आकडे वाढले होते.

तिसऱ्यांदा केल्यावर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अरे, एवढे तर मीसुद्धा टाकले नव्हते."

शेवटी त्यांनी गाडी रोलरवर घ्यायचं ठरवलं. गाडी जागेवर बांधून नुसती चाकं पळवायची, म्हणजे खरी ताकद कळते. मी चारही बाजूंनी पट्टे आवळले. भाऊजी आत बसले.

त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

सीट पार मागे होती. उंच माणसाच्या मापाची.

"वहिनी, तुम्ही एवढ्या मागे बसून चालवता?"

"नाही हो. मी तर अगदी पुढे घेतली होती."

भाऊजींनी सीट पुढे ओढली. खट्‌ आवाज करून ती बसली.

आणि मग... हळूहळू... त्यांना घेऊनच मागे गेली.

भाऊजी चावी काढून बाहेर आले. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की गल्लीचा आवाज बंद झालाय. कॉम्प्रेसर, हॉर्न, शेजारच्याची हातोडी... काहीच नाही.

फक्त गाडीतून एक आवाज येत होता.

नाकाने जोरात घेतलेला श्वास.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "हे मारायच्या आधी असाच श्वास घ्यायचे," त्या म्हणाल्या.

इंजिन सुरू झालं.

चावी भाऊजींच्या हातात होती. मी डोळ्यांनी पाहिली.

आत क्लचचं पेडल आपोआप खाली गेलं. गिअर पडला. रोलर फिरू लागले. ऐंशी. एकशे वीस. एकशे साठ. गाळ्याचा पत्रा थरथरायला लागला, रबर जळल्याचा वास घशात गेला.

"केबल काढा!" मी ओरडलो.

केबल डॅशबोर्डखाली होती. भाऊजींनी खिडकीतून डोकं आत घातलं...

काच वर आली.

त्यांच्या गळ्यावर येऊन थांबली नाही. दाबत राहिली. त्यांचे पाय पुन्हा एकदा जमिनीवरून सुटले. चेहरा जांभळा झाला. मी हातोडा उचलला आणि मागच्या खिडकीची काच फोडली. आत हात घालून भाऊजी अडकलेल्या पुढच्या खिडकीच्या काचेवर घाव घातला. दोन, तीन... चौथ्याला ती फुटली. माझा हात कोपरापर्यंत फाटला. भाऊजी खाली कोसळले.

त्याच क्षणी मागचा पट्टा तुटला.

त्याचं लोखंडी टोक भाऊजींच्या तोंडावर बसलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. जबडा एका बाजूला सरकला. दात फरशीवर सांडले.

उरलेले पट्टे तोडून गाडीने रोलरवरून उडी घेतली. समोर वहिनी उभ्या.

अवजारांची ट्रॉली मध्ये आली म्हणून त्या वाचल्या. गाडीने ट्रॉली भिंतीत चेपली आणि वहिनींना कोपऱ्यात कोंडलं. चाकं जागेवर फिरत होती. वीतभर अंतर उरलं होतं.

आणि मग वहिनींची मान एकदम बाजूला फिरली.

कानाखाली बसल्यावर फिरते तशी.

जवळ कुणी नव्हतं. पण गालावर पाच बोटं उमटली, ती मी उमटताना पाहिली. ओठ फुटला. लगेच दुसऱ्या बाजूने मान फिरली.

मला वाटलं, आता बाई संपल्या.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी ओठावरचं रक्त पुसलं आणि पहिल्यांदाच त्याला एकेरी हाक मारली.

"बास झालं तुझं."

ट्रॉलीतला मोठा पाना त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. उघड्या बॉनेटमधून पुढे वाकल्या आणि लटकणाऱ्या त्या डबीवर मारला. पुन्हा मारला. अंगाने किडकिडीत बाई, पण घाव असे की मी मागे सरकलो. प्रत्येक घावाला इंजिन किंचाळत होतं. ते इंजिनच किंचाळत होतं असं मी स्वतःला समजावतो.

डबी फुटली. आतल्या सर्किटचे तुकडे तुकडे झाले.

इंजिन बंद पडलं.

गल्लीतला आवाज परत आला. शेजारचा टायरवाला दारात उभा होता. म्हणाला, "काय झालं? दहा मिनिटं झाली, तुमच्याकडून चिटपाखराचा आवाज नाही."

हॉस्पिटलमध्ये भाऊजींच्या जबड्याला तारा घातल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"जबड्याचं समजलं. पण यांचा गळा कुणी आवळला?"

"काच होती डॉक्टर. गाडीची काच."

त्यांनी भाऊजींच्या गळ्याकडे बोट केलं. पुढच्या बाजूला दोन अंगठ्यांचे डाग होते. शेजारी शेजारी. फावड्याएवढे.

गाडी भंगारात गेली. माझ्यासमोर दाबून तिचा ठोकळा केला. रोलर विकले. भाऊजी आता फक्त ऑइल आणि ब्रेक करतात.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

तीन आठवड्यांनी दुपारी वहिनींचा फोन आला. मी ताईकडे जेवायला बसलो होतो.

"दादा, रागावू नका. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"तो मेल्यानंतरही सात महिने घरातच होता. मी कुणाला सांगितलं नाही, कोण विश्वास ठेवणार? रोज मारायचा. त्या बुधवारपासून घर शांत आहे. एकदम शांत." त्या थांबल्या. "मग तो गेला कुठे? तुमच्याकडे... तर नाही ना आला?"

"छे छे," मी म्हणालो. "काहीतरीच काय, वहिनी."

समोर भाऊजी चमच्याने पेज पीत होते. डोळे भिंतीवर खिळलेले. ताई वाढायला आली आणि त्यांच्यापासून हातभर लांबच थांबली.

मी टेबलाखाली पाहिलं.

त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. नखं पांढरी पडेपर्यंत. आणि अजून दाबतच होता...

नाकाने त्यांनी जोरात श्वास घेतला.