कस्तुरीच्या बोटातलं दालन

ज्या बोटांनी कस्तुरी जगदाळे रोज मल्लखांबाला लटकायची, त्यांतलं एक बोट चिवड्याच्या डब्याचं फिरकीचं झाकण उघडताना मोडलं.

"खाण्यासाठी केवढा तो जोर!" आई हसली. मग तिने सुजलेलं बोट पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

आता सांगा, सागवानी खांबावर न हरलेलं बोट एका झाकणापुढे का हरावं? कस्तुरीला हे कळायलाच हवं होतं. स्पर्धेच्या मनोऱ्यात ती पायांनी खांबाला मिठी मारून बाहेर झुकायची आणि तिच्या उजव्या हाताला धरून सहा वर्षांची चिमू हवेत तरंगायची. झाकणाच्या जागी चिमूचं मनगट असतं तर?

ही गोष्ट पुढच्या काळातली. त्यामुळे साताऱ्यातल्या हाडांच्या दवाखान्यात दारातच एक यंत्रमानव उभा होता. उंच आणि काटकुळा. नर्सबाईंनी त्याचं नाव हाडक्या ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं, निदान तो तसं सांगायचा.

डॉ. नुसरत मुल्लांनी बोटाचा फोटो पाहिला. "हाड मोडलंय. पण तिथे आधीपासून एक गाठ होती, म्हणून मोडलं."

आई खुर्चीच्या अगदी कडेला सरकली.

"घाबरू नका ताई. सौम्य गाठ आहे (म्हणजे आहे तिथेच वाढणारी, शरीरभर न पसरणारी)."

"गाठ?" कस्तुरी उसळली. "तो माझा घट्टा आहे!"

खांबावर घासून हाताची कातडी जाड होते, तिला घट्टा म्हणतात. आखाड्यातली मुलं घट्टे मिरवतात, एकमेकांशी ताडून बघतात. कस्तुरीच्या अनामिकेच्या मुळाशी सगळ्यांत मोठा फुगवटा होता. तात्या वस्तादांनी त्यासाठी तिची पाठही थोपटली होती.

"घट्टा कातडीचा असतो, कातडीबरोबर सरकतो," डॉक्टर म्हणाल्या. "हा सरकायचा?"

कस्तुरी आठवत राहिली. "नाही," ती हळूच म्हणाली.

हाडक्याने मायलेकींना शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. मधोमध कस्तुरीच्या बोटाची त्रिमित प्रतिमा उभी राहिली (जिच्या आतही शिरता येतं असं उजेडाचं चित्र). हाड देवळाच्या सभामंडपाएवढं झालं होतं.

"चप्पल काढू का?" कस्तुरीने विचारलं.

"कशाला? बोट तुमचंच आहे," हाडक्या म्हणाला.

आत पांढऱ्या भिंती होत्या. पुढे मात्र निळसर, काचेसारखे गोळे दाटीवाटीने बसले होते.

"ही कूर्चा," हाडक्या म्हणाला. (कानाचा वरचा लवचीक भाग कूर्चेचा असतो. वाचता वाचता दुमडून बघा.)

"माझ्या बोटात कान उगवलाय?"

"नाही. तुम्ही आईच्या पोटात होता, तेव्हा तुमची बहुतेक हाडं आधी कूर्चेचीच होती. मग तिच्या जागी हाड येत गेलं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांपाशी हे काम अजून चालू असतं. इथे कूर्चेचा एक तुकडा हाड व्हायचा राहिला आणि आतच वाढत बसला."

"म्हणजे आळशी!"

"असं निदान आमच्यात नाही. पण हो."

आईने घसा खाकरला. "हिच्या त्या लटकण्यामुळे तर नाही ना झालं? की खाण्यापिण्यात आमचं काही चुकलं?"

"दोन्ही नाही," डॉक्टर दारातून आत येत म्हणाल्या. "कुणाचीच चूक नाही, ताई."

कस्तुरी मात्र भिंत न्याहाळत होती. "पण हाडं आतून पोकळच असतात ना? बांबूही पोकळ असतो. तो कुठे मोडतो?"

"बांबूची भिंत जाड असते," हाडक्या म्हणाला. "इथे बघा."

गोळ्यांच्या बाजूची भिंत पापडासारखी झाली होती. पलीकडचा उजेड दिसत होता. गाठीने तिला आतून झिजवून बाहेर फुगवलं होतं.

"खांब धरताना चारही बोटं भार वाटून घेतात, पायही घेतात. झाकणाला मात्र पीळ द्यावा लागतो." हाडक्याने भार दाखवणाऱ्या लाल रेषा सोडल्या. त्या हाडाभोवती वळत गेल्या, पापडापाशी येऊन दाटल्या, आणि भिंतीला तडा गेला. "खांबावरही हे झालंच असतं. आज नाही तर उद्या."

कस्तुरी भिंतीला टेकायला गेली आणि आरपार कलंडली. उजेडाचीच भिंत ती! आईने दंड धरून सावरलं, आणि तिथेच, आईला बिलगून, तिला रडू आलं. मग तिने नाक पुसलं.

"भरून द्या हे. मला परत चढायचंय."

"आधी हाड जुळू दे," डॉक्टर म्हणाल्या. "मग गाठ खरवडून काढू आणि पोकळीत एक बारीक जाळी बसवू. तिच्यात तुझ्याच हाडाच्या पेशी पेरलेल्या असतील. नवं हाड वेलासारखं जाळीवर चढेल आणि जाळी विरघळून जाईल. पण यंदाची स्पर्धा नाही."

संध्याकाळी आखाड्यात तात्या वस्तादांनी तिच्या हाताचं प्लास्टर पाहिलं. "पाय तर धड आहेत ना, पोरी? चिमूला डाव्या हाताने धर. महिनाभरात सवय होईल."

क्षणभर कस्तुरीला वाटलं, होईलही.

"नाही तात्या," ती म्हणाली. "तोल गेला की उजवा हात आपोआप पुढे जातो. आणि आत पापड आहे."

"कसला पापड?"

तिने सगळं समजावून सांगितलं. "मीच पाठ थोपटली होती," तात्या पुटपुटले आणि एकेका पोराला बोलावून त्यांचे घट्टे सरकवून बघू लागले.

"माझ्या जागी शिवांजली. मी शिकवते तिला," कस्तुरी म्हणाली.

"जमिनीवरनं?" तिच्याच गटातल्या शिवांजलीने नाक मुरडलं.

"ओरडून!"

तिने खरंच ओरडून शिकवलं. शिवांजली दोनदा रुसली, एकदा कस्तुरी रुसली, पण स्पर्धेत मनोरा उभा राहिला आणि दुसरा आला.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळवाणा व्यायाम झाला. कस्तुरी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत गेली, तेव्हा निळे गोळे नव्हते. भिंत दाट आणि पांढरी झाली होती.

"झाकण नको," कस्तुरी म्हणाली. "चिमूचा भार टाक. आणि धक्काही दे."

हाडक्याने दिला. लाल रेषा भिंतीत सारख्या पसरल्या. कुठेच दाटल्या नाहीत.

"आता चढायला हरकत नाही. पण अशी गाठ क्वचित परत येते," डॉक्टर म्हणाल्या. "तपासायला येत राहायचं."

"येईन. परत आलीच तर आता ओळखते मी तिला."

दुसऱ्या दिवशी पायांनी मिठी मारून ती खांबाबाहेर झुकली. खाली चिमू उभी होती. या वर्षात ती उंच झाली होती, वजनदारही.

"ताई, धरशील ना नक्की?"

कस्तुरीने पाचही बोटं उघडून तिच्यापुढे धरली.

"चढ."