डाव्या खांद्यावरची उतरंड

"हे मी देवळात उभा राहून सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही," खुर्चीत बसता बसता सेन्किची निइमी म्हणाला. "म्हणून तर तुला सांगतोय, कायो. तुझा माझ्या वयावरसुद्धा विश्वास नाही."

"कसा बसेल? दर वर्षी दोन वर्षांनी लहान होता तुम्ही." कायोने पांढरी चादर झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधली. "मान सरळ. डावा खांदा खाली."

सेन्किचीने खांदा खाली घेतला.

कायोचं केशकर्तनालय आणि सेन्किचीचं मोटारसायकलींचं दुकान समोरासमोर. खुर्चीत बसलं की आरशात त्याची पाटी उलटी दिसायची. पाटीवर त्याच्याच हाताने रंगवलेली अक्षरं होती: निइमी. हात सोडून बघा. पन्नास वर्षं हा माणूस जुन्या मोटारसायकली कापत, जोडत, लांबवत आला होता आणि त्याच्या हातून गेलेली गाडी, दोन्ही हात सोडले तरी, नाकासमोर चालायची. नाही चालली तर पाटी उतरवीन, असं तो सार्वजनिक न्हाणीघरात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून गेल्याच महिन्यात बोलला होता. ऐकायला अर्धं गाव हजर होतं. गावात न्हाणीघर एकच.

"तर ती डॉक्टरची गाडी," सेन्किची म्हणाला.

दातांचे डॉक्टर एबिसावा यांनी भंगारातून एक साठ सालची गाडी उचलून आणली होती. ही मूळची त्सुयाकोबाईंच्या सोबाच्या दुकानातली. शेवयांचे डबे घरोघरी पोचवायची. तिला हाताचा क्लचच नव्हता, कारण चालवणाऱ्याचा डावा हात रिकामा नसायचा. डाव्या तळहातावर, खांद्याला टेकवून, लाख चढवलेल्या चौकोनी लाकडी डब्यांची उतरंड, वर रश्शाचे पेले. उजव्या हाताने गाडी.

"डॉक्टर म्हणाले, पुढून लांब करा, मागे रेलून बसता आलं पाहिजे."

"दिवसभर लोकांना तशाच खुर्चीत झोपवतात. दुसरं काय सुचणार?"

सेन्किचीने पुढचं चाक धरणारा चिमटा वीतभर लांबवला. चिमटा लांबवला की तो तिरपा होतो, आणि तिरपा झाला की ट्रेल वाढतो. म्हणजे असं, की हँडलच्या दांड्याची रेघ खाली जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. तेवढं अंतर म्हणजे ट्रेल. जास्त झालं तर गाडी हट्टी होते, वळायचं नाव घेत नाही, आणि हळू चालवताना हँडल एका बाजूला कोसळतं. कमी झालं तर बुजऱ्या घोड्यासारखी थरथरते. डॉक्टरांच्या गाडीचा ट्रेल सतरा सेंटिमीटरवर गेला होता. सेन्किचीने चिमट्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या नव्या घडवल्या, चाक पुढे सरकवलं आणि ओळंबा लावून ट्रेल बरोबर दहावर आणला. मग तेन्र्यू नदीच्या बांधावर, भर दुपारी, हात सोडले.

गाडी उजवीकडे गेली.

"कलंडली?"

"कलंडली नाही गं. अदबीने गेली. कुणाला तरी वाट द्यावी तशी."

त्याने दोन्ही चाकांना दोरी धरून पाहिली. सुताइतकाही फरक नव्हता. ट्रेल बारा केला. गाडी हट्टाने उजवीकडे गेली. आठ केला. थरथरत उजवीकडे गेली. बेअरिंग बदलली, चाकं बदलली, चिमटा बसतो ते सांगाड्याचं नाक कापून पुन्हा जोडलं. आता त्या गाडीत जुनं म्हणावं असं मधलं नळकांडंच काय ते उरलं होतं. तरी उजवीकडेच. वजन कुठे कमी-जास्त असेल म्हणून डाव्या बाजूला दहा किलो वाळूची पिशवी बांधली, तिचाही काही उपयोग झाला नाही. रविवारी डॉक्टर गाडी न्यायला येणार होते, आणि न्हाणीघरात विचारणा सुरू झाली होती की पाटी उतरवायला शिडी लागेल की स्टूल पुरेल.

"मी स्टूल म्हटलं होतं," कायो म्हणाली. "खांदा, निइमीसान. पुन्हा वर आलाय."

"येतो. वय झालं."

"मघाशी तर लहान होत होता."

गुरुवारी बांधावर ऊन डोळ्यावर आलं म्हणून सेन्किचीने डावा हात उचलला. तो डोळ्यांपर्यंत न जाता खांद्याशीच थांबला, तळहात आकाशाकडे. उजवा हात त्याने आधीच सोडलेला होता.

गाडी सरळ झाली.

हात खाली घेतला, गाडी उजवीकडे. हात वर, सरळ. दहा वेळा केलं. समोरून येणारी शाळेची बाई सायकलवरून उतरली आणि तिने वाकून नमस्कार केला. तिला वाटलं, हा काहीतरी व्रत करतोय.

"आणि मग तळहाताला ऊब लागली," सेन्किची म्हणाला. "खालून गरम डबा धरावा तशी. वळणावर डोक्याशी चिनीमातीचे पेले किणकिणले."

कायोची कात्री थांबली. "पुढे?"

तो तसाच त्सुयाकोबाईंकडे गेला. बाई अठ्ठ्याऐंशीच्या, दुकान कधीचंच बंद, पण फोन अजून त्यांच्या उशाशी. ही गाडी कोण चालवायचं, त्याने विचारलं. कुमेजी, बाई म्हणाल्या. कुमेजी सेन्किचीला आठवत होता. चाळीस वर्षांपूर्वी बांधावरच्या, नदीचं पाणी सोडायच्या झडपेपाशी वारला. गाडी सापडली, कुमेजी सापडला, अंगावर ओरखडा नाही. सात डब्यांची उतरंड तेवढी सापडली नाही. नदीत गेली, असं लोक म्हणाले.

"मग कुमेजीसान आता..." एवढंच सेन्किची बोलला. पुढे काय विचारायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी डोळे न उघडता, उशीर झाल्याच्या तक्रारीला सोबावाले फोनवर नेहमी देतात तेच उत्तर त्याच गोड आवाजात दिलं.

"आत्ताच निघालाय."

कायोने कंगवा बदलला. बाहेर टोफूवाल्याचा भोंगा वाजून गेला.

"घाबरलीस?"

"मी? तुमचं डोकं माझ्या हातात आहे. घाबरायचं तुम्ही. पुढे सांगा."

पुढचं सेन्किचीने भरभर सांगितलं. शुक्रवारी तो झडपेपाशी गेला, गाडी उभी केली, वाकला, आणि तळहातावर जे काही होतं ते गवतात ठेवलं. म्हणाला, कुमेजीसान, पोचलं, आता घरी जा. हात हलका झाला. परत येताना दोन्ही हात मांडीवर, गाडी ओळंब्यासारखी सरळ. काल डॉक्टर घेऊन गेले, खूश. पाटी जिथल्या तिथे.

"संपलं," तो म्हणाला. "सांगितलं होतं ना, कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून?"

कायो उजवीकडून मागे आली, मागून डावीकडे आली आणि तिथेच थांबली.

"डावीकडचे केस राहिलेत," ती म्हणाली.

"मग काप."

"कात्री पोचत नाही."

सेन्किचीने आरशात पाहिलं. उलट्या पाटीच्या अलीकडे त्याचा चेहरा होता, अर्धा भादरलेला. चेहऱ्याशेजारी चादर वर गेली होती. मूठ वर धरली तर कापड गोल दिसतं. हे गोल नव्हतं. याला कोपरे होते. कानापेक्षा उंच, वर सपाट.

चादरीखाली त्याने बोटं हलवून पाहिली. बोटांना ऊब लागली.

"हात आखडलाय," तो म्हणाला. "थंडीने."

कायोने कात्री उलटी धरली आणि तिच्या कडीने चादरीवर हळूच ठोकलं.

टक्.

आवाज लाकडाचा होता. मागोमाग आत कुठेतरी एक पेला किणकिणला.

"खोटं बोलताय तुम्ही, निइमीसान," कायो म्हणाली. "काही उतरवलेलं नाही तुम्ही. हेही नाही, आणि उतरवायला हवी होती ती पाटीही नाही."