वैदेही, हे बघ बीचचं झाड

▮

तो झाडाला रंग लावत होता.

पहिल्यांदा दिसला तो असा. पाठमोरा, एका हातात ब्रश, दुसऱ्यात पांढऱ्या रंगाचा डबा आणि समोर दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावेल एवढं ओकचं झाड. मे महिन्यातली रविवारची सकाळ. पाऊस नुकताच थांबला होता, पानांवरून अजून टपटपत होता. आई सांगलीहून येऊन आठवडा झाला होता. तिच्या गुडघ्यांना झेपेल अशी वाट शोधत मी तिला पिस्कॅटवेतल्या माझ्या घरून ड्राइव्ह करून इथे आणलं होतं. जुन्या काळच्या कुणा रेल्वेवाल्या शेठजींची इस्टेट. बंगला कधीच जळून गेला. उरल्या त्याच्या पायऱ्या, कोरडं कारंजं, एक दगडी मंडप, तळं आणि जंगलातून फिरणारे बग्गीचे रस्ते. घोड्यांना दम लागू नये म्हणून मुद्दाम सपाट काढलेले. घोड्यांना चाललं ते आईलाही चालेल, असा माझा अंदाज.

"बघ गं प्रीता," आई मोठ्यांदा म्हणाली, इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय या भरवशावर, "चांगला शिकला-सवरलेला दिसतोय आणि झाडं रंगवत बसलाय."

ब्रश थांबला.

"फक्त रविवारी, काकू," तो न वळता म्हणाला. "बाकीचे दिवस शिकला-सवरलेलाच असतो."

मग वळला. गालावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. मी ते सांगणार होते, पण तेवढ्यात—आई बोलायला लागली.

राजस. अकोल्याचा. युनिव्हर्सिटीत मातीवर पीएचडी करत होता, आणि त्याच्या ग्रुपने ही वाट दत्तक घेतली होती, म्हणजे झाडांवरच्या खुणा फिकट झाल्या की त्या पुन्हा रंगवायच्या. आईला सगळं समजावून सांगितलं त्याने. "एक पट्टी दिसली की सरळ चालत राहायचं. दोन दिसल्या की वळण आलं. तीन दिसल्या की वाट संपली."

"आणि एकही दिसली नाही तर?"

"तर मला फोन करायचा."

आईला म्हणाला. नंबरही आईलाच दिला.

▮

बग्गीच्या रस्त्यावर तिघं सहज मावतात. पण आईच्या एका बाजूला तिची काठी आणि दुसऱ्या बाजूला राजस. म्हणून मी मागे. दर रविवारी, मागे.

मागून दिसायचं ते असं. त्याची मान. उन्हात तांबूस होणारे मानेवरचे केस. वाटेत मूळ आलं की आईच्या कोपराजवळ जाणारा त्याचा हात... न धरता, नुसता जवळ.

आणि ऐकू यायचं ते असं.

"घरी जेवण कोण करतं?"

"मीच, काकू."

"भाकरी येते?"

"थापता येत नाही. लाटतो."

"लाटतोस?" आई जागच्या जागी थांबली. "अरे, लाटलेली भाकरी म्हणजे—"

वारा आला. पुढचं माझ्यापर्यंत पोचलं नाही. ते दोघं मात्र तळं येईपर्यंत हसत होते.

स्वतःच्या आईचा हेवा वाटावा, हे कुणाला सांगणार? तिला मुळं दाखवायला माणूस होता, मला नव्हता. एकदा मी मुद्दाम अडखळले. तो झटकन वळला.

"लागलं का?"

"मला काही झालेलं नाही. आईकडे बघा तुम्ही."

आणि त्याने खरंच आईकडे बघितलं. पुढे कधीतरी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, पण चालण्याचा क्रम तोच राहिला. अधूनमधून तो मान वळवून मागे बघायचा. मी हरवले नाही ना, एवढंच बघत असणार.

तक्रार कुणाकडे करू? विमानतळावर आईच्या बॅगा गाडीत टाकतानाच मी बजावलं होतं. सहा महिने राहा, हवं ते कर, पण माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही. एक स्थळ नाही, एक फोटो नाही. आईने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती. आणि माझी आई शपथ पाळते.

▮▮

जूनमध्ये तळ्याकाठचा रोडोडेंड्रॉन फुलला आणि वैदेही आली.

फोनमध्ये.

वैदेही माझी मावसबहीण. पुण्यात दातांची डॉक्टर. तिने नुसतं हसून दाखवलं तरी पेशंट मिळावेत, असे दात. आमची सकाळ म्हणजे तिकडची दिवेलागण, ती मोकळीच असायची. आई काठी माझ्याकडे द्यायची, फोन हातभर लांब धरायची, आणि—

"वैदेही, हे बघ बीचचं झाड. हत्तीच्या पायासारखं आहे की नाही?"

"मस्तच, मावशी."

"आणि हा राजस."

बीचच्या वाट्याला क्षणभर. राजसच्या वाट्याला अख्खी वाट.

"वैदेही, हे बघ कारंजं. राजस, जरा कारंज्याजवळ उभा राहा रे, म्हणजे तिला उंचीचा अंदाज येईल."

"कारंज्याच्या?" मी विचारलं.

"मग कुणाच्या?" आई म्हणाली.

तळ्यापलीकडे एक दगडी पूल आहे. तिथे नेटवर्क जातं. हे मला जूनच्या अखेरीस कळलं आणि जुलैपासून आमची वाट पुलावरूनच जायला लागली.

"पुन्हा पूल?" राजसने विचारलं.

"मला आवडतो."

"का पण?"

"शांत असतो."

"हॅलो? वैदेही?" आई फोन वर, खाली, पाण्याच्या दिशेने धरून बघत होती. "गेली वाटतं."

"अरेरे," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी आयुष्यात 'अरेरे' म्हटलं नव्हतं.

राजसने माझ्याकडे बघितलं. हसला? ...गालाच्या आत काहीतरी हललं खरं.

"पुढे ये ना," तो म्हणाला. "सारखी मागे काय चालतेस?"

"पुढे जागा नाहीये."

"इथून बग्गी जायची, प्रीता."

"बग्गीत कुणी कुठे बसायचं ते ठरलेलं असायचं."

त्याला काही कळलं नाही. कसं कळणार? पूल संपला, फोन वाजला, आईने तो घाईघाईने उचलला.

"हां वैदेही, कुठे होतो आपण? हां. राजस."

▮▮

आणखी एक वळण. हे घरातलं.

ऑक्टोबर. मंगळवारी आईचं विमान. सोफ्यावर उघड्या बॅगा, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, शेजारच्या काकूंनी नातवासाठी दिलेले बूट.

"उद्या राजसला स्पष्ट विचारून टाकते," आई साडीची घडी घालत म्हणाली.

"काय?"

"वैदेहीसाठी. मुलगा सोन्यासारखा आहे. भाकरी लाटतो, एवढंच. पण आपल्या वैदेहीला तरी कुठे थापता येते?"

मी बॅगेची चेन ओढली. ती अडकली. पुन्हा ओढली.

"आणि मी?" हे मी मनात म्हटलं, असं मला वाटलं होतं.

"तुझं काय?" आई म्हणाली. "तुझा विषय मी काढला का सहा महिन्यांत? एकदा तरी? शपथ म्हणजे शपथ."

खरंच होतं. एकदाही नाही.

तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. बाहेर पडलं ते असं—"बॅग जड झालीय. बूट काढ."

▮▮

शेवटचा रविवार. भुरभुर पाऊस, सगळी वाट पिवळी. शेठजींच्या दगडी मंडपात आई बाकावर बसली.

"माझा गुडघा कुरकुरतोय आज. तुम्ही दोघं पुलापर्यंत जाऊन या. आणि राजस, आलास की जरा बोलायचंय तुझ्याशी."

तिने पर्समधून फोन काढला.

मी आणि राजस... पहिल्यांदा शेजारी-शेजारी. ओल्या पानांवर पावलांचा आवाजही येत नव्हता. पुलावर तो थांबला.

"काकू आज विचारणार."

"तुला माहितीय?"

"सगळा उन्हाळा इंटरव्ह्यू चाललाय, यार. स्टायपेंड, चष्म्याचा नंबर, व्हिसा, भाकरी. माझे गाइड पण इतकं विचारत नाहीत."

"मग? उत्तर ठरलंय?"

"केव्हाच."

"म्हणजे... हो."

"म्हणजे हो."

ओकचं एक टणक फळ पुलाच्या कठड्यावर टक्कन आपटून पाण्यात पडलं. मी पाण्याकडे बघत राहिले. तिथे बघणं सोपं होतं.

"चांगली आहे वैदेही," मी म्हटलं. "हुशार आहे. हसते छान. दात तर—"

"वैदेहीचं काय मध्येच?"

"तिच्यासाठीच विचारणारेय ना आई."

त्याने जॅकेटची टोपी मागे सारली, तिच्यावरचं पाणी खांद्यावर सांडलं.

"वैदेही म्हणजे ती फोनमधली," तो हळूहळू म्हणाला. "तुझी बहीण. मला वाटलं, काकू मला तिला दाखवतायत. मुलीच्या बहिणीला. घरच्यांची पसंती वगैरे..."

"कुठल्या मुलीच्या?"

"कुठल्या काय? मागे चालणाऱ्या."

कठड्यावरचं एक ओलं पान मी उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

"मी इतके महिने सगळी खरी उत्तरं दिली," तो म्हणाला. "लाटतो हेसुद्धा सांगितलं. ती सगळी वैदेहीला गेली?"

"सगळी."

"आणि तू ऐकत होतीस."

"जेवढं वाऱ्याने ऐकू दिलं तेवढं."

"मग एकदा तरी काही बोलायचंस. मी काही विचारलं की तुझं ठरलेलं, आईकडे बघा. मी बघत बसलो आईकडे." तो कठड्याला टेकला. "आता तूच सांग. परत गेलो की काकूंना काय म्हणू?"

त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. आईच्या तोंडून नाही, वैदेहीच्या नाही. माझ्या.

"इथे नेटवर्क नाही," मी म्हटलं.

"माहितीय."

"म्हणून मी तुला दर रविवारी इथे आणायचे."

"शांत असतो म्हणून नव्हे?"

"मला शांतता अजिबात आवडत नाही."

"अजून?"

"अजून... मे महिन्यात तुझ्या गालावर रंग लागला होता. मला तो पुसायचा होता. तेव्हापासून राहून गेलाय."

त्याने गाल पुढे केला. "बघ. असेल अजून."

नव्हता. नुसता पाऊस होता. तरी मी पुसला. हळू, नीट, काही राहू नये असा.

"प्रीता," तो डोळे मिटूनच म्हणाला, "काकू मंडपात फोन काढून बसल्यात. आणि तिथे नेटवर्क आहे."

आम्ही पळालो.

▮▮▮

"...हो गं, आता येईलच तो, आला की विचारतेच—" आई म्हणत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला. घेतला नाही, हिसकावला.

"वैदेही, राजस माझा आहे. म्हणजे अजून तसं काही ठरलं नाहीये. पण तुझा नाही."

मागे राजसला ठसका लागला.

पुण्यात वैदेही सगळे दात दाखवून हसत होती. "अगं, सगळ्या उन्हाळ्यात मी त्याचा डावा कान तेवढा बघितलाय. मावशी फोन धरायची आणि हा सारखा मान वळवून मागे. मागे कोण होतं, ते मला पहिल्या कारंज्यालाच कळलं."

"मग सांगायचंस ना!"

"मावशीने मलाही शपथ घातलीय. तुझा विषय काढायचा नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मग राजसकडे. मग माझ्या ओल्या हाताकडे, जो अजून त्याच्या बाहीला धरून होता.

"म्हणजे सहा महिने मी तुझ्यासाठीच स्थळ बघत होते," ती म्हणाली, "आणि शपथही मोडली नाही." तिच्या चेहऱ्यावर अपार समाधान होतं. मग ते जरा कमी झालं. "भाकरीचं मात्र बघावं लागेल, राजस. लाटलेली वैदेहीला चालली असती. आमच्या घरात नाही चालायची."

"शिकतो, काकू."

"मंगळवारच्या आत?"

"फोनवर शिकवा. पुलावर नाही जाणार."

परत निघालो. आईने काठी घेतली, माझ्याकडून फोन घेतला आणि म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते माझी सावकाश. बग्गीच्या रस्त्यावर आता आम्ही दोघं पुढे होतो. दोन पावलं गेलो नाही तोच त्याने मान वळवून मागे बघितलं.

"मागे काय बघतोस? मी इथे आहे."

"सवय झालीय."

"मोड."

त्याने माझा हात धरला. नुसता जवळ आणला नाही, धरला. समोर पार्किंगजवळच्या ओकवर तीन पट्ट्या दिसायला लागल्या तसे आम्ही दोघंही, काही न ठरवता, हळू चालायला लागलो.

मागून आईचा आवाज आला.

"वैदेही, हे बघ..."

झाडाचं नाव काही आलं नाही.