पूजलेली कात्री

रात्री सव्वाबाराला भिकनच्या बायकोला, कस्तुराला, कळा सुरू झाल्या. सन एकाहत्तर, पौषातली अवस. ही गोष्ट उखर्डूआबांनी काल अंधार पडल्यावर ओट्यावर आम्हाला सांगितली. भिकन त्यांचा जोडीदार, दोंडाईच्याजवळचा. माझे दिवस भरत आलेत, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "आबा, हिच्यापुढे नका." आबा म्हणाले, "हिनंच ऐकायला पाहिजे."

भिकन कंदील घेऊन झुंबरबाईला आणायला गेला. ती सरकारनं शिकवलेली दाई. दर बाळंतपणाला नवं पातं, दोरा, साबण दवाखान्यातून फुकट मिळायचं. पावसाळ्यापासून काहीच येईना. मग ती पेटीतल्या एकाच कात्रीवर भागवायची. मागच्याच महिन्यात गावातल्या रेशमाच्या बाळाची नाळ त्याच कात्रीनं, न उकळताच कापली. पाचवीला कात्रीची पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं. पूजलेली वस्तू धुऊ नये म्हणून ती तशीच पेटीत गेली. आठव्या दिवशी बाळाचा जबडा आवळला. मग रेशमाचा. दोघंही गेली. लोक म्हणाले, नजर लागली.

"धापा काय टाकतोस रे? बाळंतीण ती शे, तू नही!" झुंबरबाई वाटेत हसत होती. "पाणी तापत ठेवलं शे ना?"

भिकन थबकला. चूल पेटवलीच नव्हती. काडेपेटी त्याच्याच खिशात होती.

पण दार लोटलं, तर चूल धडधडत होती. पातेलं उकळत होतं. पुढे एक बाई. पाठमोरी. डोईवरून पदर.

झुंबरबाईला वाटलं, शेजारीण असेल.

बाईनं मागे न बघता हात पुढे केला. झुंबरबाईनं पेटीतली कात्री दिली.

कात्री पाण्यात पडली. कुंकू सुटलं. पाणी लाल झालं.

त्या मनगटावर विंचवाचं गोंदण होतं.

रेशमाचं...

आत कस्तुरा ओरडत होती. चुलीपुढची बाई हलेना. उकळी... नुसती उकळी...

मग गरम, ओली कात्री झुंबरबाईच्या हातात होती.

चुलीपाशी कुणी नव्हतं.

मुलगी झाली. जगली. आबांनी तिला अंगणात रांगताना पाहिलं आहे.

सकाळी भिकननं भीत भीत चुलीत हात घातला. राख नव्हतीच. चूल आदल्या दिवशी सारवलेली, तशीच कोरी. पातेल्यातलं पाणी मात्र अजून चटका देत होतं...

रात्रभर मला झोप नाही. आमच्या दाईकडेही तसलीच पेटी आहे. बायांनो, दाई आली की आधी तिची कात्री उकळा, पूजलेली असली तरी. शेजारणीलाही आजच सांगा. तुम्ही नाही उकळली, तर तुमच्या चुलीपुढे कोण येऊन बसेल...