पहिली चिठ्ठी

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं पेशी मोजते आहे. डोळे सूक्ष्मदर्शकाला, बोट मोजणीच्या बटणावर. मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. त्यामुळे एकाग्रता म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या धाकटीला मात्र पुस्तक उघडलं की तहान लागायची, भूक लागायची, नखं वाढल्याची आठवण व्हायची.

वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती, मी एकोणीस. तिची वेणी, तिचे ताप, तिची रडारड, सगळं मीच पाहिलं. सरकारी नकाशा विभागाच्या भरती परीक्षेत ती दोनदा नापास झाली. यंदा वयाची अट संपणार होती, म्हणजे ही शेवटची संधी. मी जिवाचं रान करत होते. दर अर्ध्या तासाने तिच्या खोलीत डोकवायचं, "किती झालं गं?" विचारायचं, चहा ठेवून यायचं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यासिका सुचवली. कागदाच्या दुकानावर दुसरा मजला, चौदा टेबलं, खिडक्यांसमोर कोरी भिंत. एका कोपऱ्यात छोट्या छोट्या खणांचं उंच कपाट होतं. तिथल्या बाई ऐन उन्हाळ्यात लोकरीचं जाकीट घालून बसल्या होत्या.

"ज्याने लक्ष उडतं ते चिठ्ठीवर लिहायचं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तुमच्या खणात राहील. परीक्षा झाली की हवी तर परत न्या."

मला हसूच आलं. मनाची समजूत घालायचे प्रकार, दुसरं काय. धाकटी चिठ्ठी हातात धरून माझ्याकडे बघत बसली होती.

"लाजू नकोस," मी म्हटलं. "खरं काय ते लिही."

तिने हाताचा आडोसा करून लिहिलं. बाईंनी मागे तारीख घातली आणि खण लावला.

दुसऱ्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "आज खालच्या शिंपीकाकांचा रेडिओ लिहून आले." त्या रेडिओवरून तिची आणि काकांची रोज जुंपायची. पुढच्या सकाळी रेडिओ नेहमीसारखाच कोकलत होता आणि ही शांतपणे वाचत होती.

"आज काकांना जोर चढलाय," मी म्हटलं.

"कशाचा?"

मला वाटलं थट्टा करते आहे. मी तिच्या पाठीमागे चमचा पाडला, ती दचकली. म्हणजे कान ठीक होते. मी खिडकी सताड उघडली, रेडिओ नुसता घरात घुसला. तिने पान उलटलं.

मग मोबाईल लिहिला. तो तिच्या कोपराला लागून वाजायचा, थरथरत टेबलाच्या काठापर्यंत सरकायचा, आणि हिची पापणीही हलायची नाही. सराव परीक्षेत अठ्ठेचाळीसचे एक्याण्णव झाले. खरं सांगते, मला आनंदच झाला. विचित्र वाटत होतं, पण गुण विचित्र नव्हते.

महिना उलटला. "किती झालं गं?" हे मला दोनदा विचारावं लागायला लागलं, मग चारदा. उत्तर देताना ती माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघायची. तिच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरायची.

एका रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात ती मला धडकली. तिने कोपर चोळलं आणि चौकटीकडे रागाने बघितलं.

"अगं, मी आहे," मी म्हटलं.

ती कोपर चोळत पाणी प्यायली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परस्पर अभ्यासिकेत गेले. बाईंनी काही न विचारता तिचा खण उघडला. तीन चिठ्ठ्या होत्या. रेडिओ. मोबाईल. तिसरीच्या मागे सगळ्यांत आधीची तारीख होती, नाव नोंदवलं त्या दिवसाची. तिच्यावर लिहिलं होतं, "ताई."

मी शेजारी बसून धीर देत होते आणि ती आडोसा करून हे लिहीत होती. जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं तिने माझा काटा काढला, तोही मीच दिलेल्या पेनाने. असा विश्वासघात परक्याने केला असता तर मी भांडले असते.

"रेडिओ तर एका दिवसात गेला," मी कसंबसं म्हटलं. "या चिठ्ठीला इतका वेळ कसा?"

"वस्तूला एक दिवस पुरतो. माणूस जितकं जवळचं तितका वेळ जास्त." बाईंनी बोटांवर मोजलं. "तुम्हाला पस्तीस दिवस लागले. इतके मी कोणाला लागलेले पाहिले नाहीत."

त्या हे माझं सांत्वन म्हणून सांगत होत्या.

"फाडून टाका ती."

"ज्याने लिहिली त्यानेच न्यायची," त्या म्हणाल्या. "तिला सांगा ना."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, कागदावर लिहून पुस्तकात ठेवलं. शेवटी शिंपीकाकांना वर पाठवलं.

"तुझी ताई काही म्हणतेय, ऐक जरा तिचं," काका म्हणाले.

"कोण, काका?" तिने हसून विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे. ते पुन्हा कधी वर आले नाहीत.

ती पास झाली. चौथा क्रमांक. लांबच्या शहरात नेमणूक. अभ्यासिकेच्या वहीत बँकेत करतात तशी सही करून ती खणापाशी उभी राहिली. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

रेडिओची चिठ्ठी तिने पर्समध्ये टाकली. मोबाईलचीही.

तिसरी उघडून ती बराच वेळ बघत राहिली.

"ही चुकून माझ्या खणात आलीय," ती बाईंना म्हणाली. "अक्षर माझ्यासारखं आहे. पण मला ताई नाही."

तिने चिठ्ठी परत ठेवली आणि खण हळूच लावला.

शनिवारी सकाळी तिने सामान बांधलं. नेमणुकीच्या अर्जात कुटुंबातील इतर व्यक्ती या रकान्यात "निरंक" लिहिलं. मग खिडक्या लावल्या, गॅस बंद केला, सगळ्या घरावरून एकदा नजर फिरवली. मी टेबलापाशी उभी होते. नजर माझ्यावरून गेली, कुठे अडली नाही.

मग ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं, कडी घातली. कुलूप लावून तिने ते दोनदा ओढून पाहिलं, मी शिकवलं होतं तसं.