हवाई गाडा, भाग दुसरा

सोलापुरात बोलपट अजून यायचा होता. तेव्हा किल्ल्याजवळच्या पत्र्याच्या थेटरात वीरभद्रप्पा चित्रांना वाचा द्यायचा. पडद्याच्या डाव्या अंगाला एक उंच स्टूल होतं. त्यावर बसून तो नायकासाठी मराठी बोले, सासूसाठी कानडी, आणि सावकारासाठी मोडकंतोडकं तेलुगू. गिरणीतली माणसं पोट धरून हसत. खेळ संपला की तो बाळी वेशीतल्या आपल्या धाब्याच्या घरी जाई, चूल पेटवी, भाकरी थापी, आणि दुसऱ्या दिवशी थेटरात येईपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघत नसे. बोलणार कुणाशी?

पूर्वी निंगप्पा होता. पाठचा भाऊ. आई गेल्यावर वीरभद्रप्पानंच त्याला वाढवलं. मिसरूड फुटलं तसा तो मुंबईला एका फिल्म कंपनीत गेला, आणि ‘हवाई गाडा’ नावाच्या विनोदी मूकपटात एकदम पडद्यावर दिसला. एक अर्धवट वैद्य ताकावर उडणारं विमान बनवतो आणि चंद्रावर जाऊन आदळतो, अशी ती गोष्ट. निंगप्पा त्या विमानाचा मेकॅनिक. मागच्या बैठकीवर बसलेला. विमान कलंडलं की टोपी धरायची सोडून मिशी धरायचा. सोलापुरात तो खेळ इतका चालला की लोक वीरभद्रप्पाला रस्त्यात थांबवून मिशी धरून दाखवत.

त्याच वर्षी श्रावणात निंगप्पा ताप घेऊन घरी आला आणि उठलाच नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून मूठमाती दिली. कपाळाला विभूती लावून, खड्ड्यात उतरून, त्याची कलंडणारी मान सरळ करायचं काम वीरभद्रप्पानं स्वतः केलं.

पुढच्या चैत्रात ‘हवाई गाडा’चा दुसरा भाग आला. मालकांनी वीरभद्रप्पाला बोलावून सांगितलं की एवढं चित्र झालं की बोलकं यंत्र बसणार, मग तुमचं काम राहणार नाही. त्यानं मान हलवली. त्याच्या मनात दुसरंच होतं. मेकॅनिकच्या जागी आता कुणी परका बसलेला बघावा लागेल, आणि त्याला आपणच हसरे शब्द द्यायचे.

दुसऱ्या भागात वैद्य चंद्रावरून परत निघतो. वाटेत ताक संपतं. तरी विमान पडत नाही, नुसतं ढगांवर तरंगत राहतं. पहिल्याच खेळाला ते विमान पडद्यावर आलं, आणि मागच्या बैठकीवर निंगप्पा होता.

मिशी धरून बसलेला. थेटर हसलं. वीरभद्रप्पा नुसता बघत राहिला, तेव्हा पुढच्या बाकांवरून कुणी ओरडलं की अप्पा झोपला का. मग तो काहीबाही बोलला.

खेळानंतर त्यानं मुंबईहून चित्राच्या पेट्या घेऊन आलेल्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, हे सगळं दिवाळीनंतर काढलेलं आहे. मेकॅनिक कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. वीरभद्रप्पानं मनाशी हिशेब मांडला. पहिल्या भागातले उरलेले तुकडे जोडले असतील. कंपन्या काटकसर करतातच. त्या विचारानं त्याला जरा बरं वाटलं. खरं तर भाऊ रोज दिसणार, याचंही बरं वाटलं.

पण पहिल्या भागात निंगप्पाच्या कपाळावर विभूती नव्हती. इथं होती. आणि विमान कितीही कलंडलं तरी त्याची मान कलंडत नव्हती.

आठवडा सरत गेला तशी पडद्यावरच्या निंगप्पानं मिशी सोडली. वैद्याच्या माकडचेष्टा त्याच राहिल्या, ढग तेच राहिले. निंगप्पा तेवढा बैठकीच्या कडेवरून खाली बघत बसू लागला. ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, पट्टी रोज तीच लावतो. मग निंगप्पाचे ओठ हलायला लागले. सगळा जन्म मुक्या ओठांकडे बघण्यात गेलेल्या वीरभद्रप्पाला ते वाचायला कष्ट पडले नाहीत. कानडी होतं. घरातलं.

“अण्णा, येल्ली इळीली?”

अण्णा, कुठं उतरू?

वीरभद्रप्पा त्या जागी रोज एक विनोद सांगत राहिला.

रविवारी दुपारचा खेळ होता. गिरण्या बंद, थेटर भरलेलं, पत्रा तापलेला. विडीचा धूर, घामाचा वास. विमान आलं. निंगप्पा या वेळी खाली बघत नव्हता. तो डावीकडे, स्टुलाकडे बघत होता. ओठ हलले.

वीरभद्रप्पाला आज विनोद सुचला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, “मनिगे बा, तम्मा.” घरी ये रे, बाळा.

कानडी समजणारे हसले. बाकीचे त्यांच्याबरोबर हसले.

पडद्यावर ढग सरकला आणि विमान पुन्हा दिसलं. मागची बैठक रिकामी होती. लोक हसतच होते, त्याच त्याच जागी, त्या रिकाम्या बैठकीकडे बोटं दाखवत.

खेळ अर्धा टाकून तो निघाला. बाहेर ऊन उतरलं होतं. घराकडच्या बोळाच्या तोंडाशी शेजारची मल्लव्वा पदर डोक्यावर घेऊन उभी होती. म्हातारीला दिसायचं कमी. तिनं त्याला जवळ बोलावलं.

“कोन पावना आलाय रं तुज्याकडं?”

“कुटं?”

“माळवदावर बसलाय की. पाय खाली सोडून. लई येळ झाला. मी म्हनलं, खाली ये, पानी दिते. तर मलाच इचारतो, जमीन किती लांब हाय.”

“मग?”

“मी म्हनलं, दोन पुरुष उंची बी न्हाय. त्याला पटंना.”

माळवदाच्या कडेला कोणी नव्हतं. वीरभद्रप्पानं शिडी लावली. मल्लव्वानं न सांगता ती खालून धरली.

वर मल्लव्वाच्या कुरडया वाळत होत्या. बाकी माळवद मोकळं. दिवसभराच्या उन्हानं माती तव्यासारखी तापलेली, तळव्यांना चटके बसत होते. कडेशी मात्र एक जागा ओली होती, माणूस बसावा एवढी. त्यानं हात टेकला. बोटं बधिर झाली, इतकी गार.

“निंगू,” तो म्हणाला.

वारा सुटला होता. चैत्रात असा वारा नसतो.

थोडा वेळ तो तिथंच बसला. मग उतरावं म्हणून वळला, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली बघितलं.

मल्लव्वा शिडी धरून तिथंच उभी होती, वर तोंड करून. ज्वारीच्या दाण्याएवढी.